आबांची आठ बाय बेचाळीस

मेहरूण तलावाच्या काठावर एका रविवारी सकाळी मी सात माणसांना बगळा दाखवला. नुसता दाखवला नाही, त्याच्यावर बोललो. किती संयम बघा, म्हटलं. पंधरा मिनिटं झाली, मान हललेली नाही. आपण माणसं दोन मिनिटं गप्प बसत नाही. सातांमध्ये माझी बायको शैलाही होती आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच ती माझं बोलणं मध्ये न तोडता ऐकत होती, त्यामुळे मी जरा जास्तच रंगात आलो. तेवढ्यात मागून खरखरीत आवाज आला.

"डबा शे तो."

डबाच होता. कुणा मासेमाराने जाळ्याच्या खुणेसाठी बांबूला टांगलेला तेलाचा पांढरा डबा. सात माणसं हसली. शैला हसली नाही. ती घरी जाऊन हसणार होती, हे मला माहीत होतं.

आवाज बैसाणे आबांचा होता. आमच्याच कॉलनीत दोन गल्ल्या सोडून राहणारे, जमीन मोजणी खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले. उंच, वाळलेले, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी सहा इंची स्टीलची पट्टी. त्यांनी माझ्या गळ्यातली दुर्बीण न विचारता हातात घेतली. ती सुतळीने गळ्यात बांधलेली असल्यामुळे दुर्बिणीबरोबर मीही त्यांच्याकडे ओढला गेलो. तिच्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, नव्वद बाय नव्वद. त्यांनी पट्टी काढली, पुढच्या काचेवर आडवी धरली.

"तीस मिलिमीटर. नव्वद कुठे शे? दाखव मले."

मी म्हटलं, "कुठेतरी आत असेल आबा."

"हा दुसरा आकडा म्हणजे पुढच्या काचेची रुंदी. नव्वद म्हणजे वाटीएवढी काच लागते. हे बाटलीचं बूच आहे! आणि पहिला नव्वद? नव्वदपट मोठं दिसत असतं तर तुझ्या नुसत्या श्वासानं पक्षी इकडून तिकडे उड्या मारत बसला असता. आठपट पुरे होतं माणसाला. दहाला हात थरथरतो. आणि ही लाल काच कसाले? नवरीची टिकली आहे का?"

चिडले की आबांचं ऑफिसातलं मराठी सुटायचं आणि धुळ्याकडची अहिराणी बाहेर यायची. शे म्हणजे आहे, कसाले म्हणजे कशाला. त्या सकाळी ती बरीच बाहेर आली, कारण घेतली कशी हे त्यांनी विचारलं आणि मी खरं सांगून बसलो. मोबाईलवर चित्र पाहिलं, मागवली. डब्यात एक चिठ्ठी होती, पाच तारे द्या आणि गळ्यातला पट्टा मोफत मिळवा. मी डब्यातून दुर्बीण बाहेर काढायच्या आधीच पाच तारे दिले होते. वर 'अप्रतिम, पक्षी अंगणात आल्यासारखे वाटतात' असंही लिहिलं होतं. पट्टा आला नव्हता. म्हणून सुतळी.

आबांनी पट्टी खिशात ठेवून दिली, तेव्हा मला बगळ्याची फजिती बरी वाटायला लागली.

"कोऱ्या पंचनाम्यावर सही केलीस तू," ते म्हणाले. "पट्ट्यासाठी!"

मग त्यांनी मला जे विचारलं, ते मी आजही भाजीबाजारात गेलो की आठवतं. "भरताचं वांगं कसं घेतोस रे?"

जळगावच्या माणसाला हे विचारणं म्हणजे तू चालतोस कसा हे विचारणं. मी सांगितलं. हातात घेतो, वजन बघतो, आकाराच्या मानानं हलकं असलं तर बिया कमी. देठ बघतो. दाबतो. दहा ठेवतो तेव्हा एक घेतो.

"मग वीस रुपयाच्या वांग्याला दहा वेळा दाबणारा तू, डोळ्यांची वस्तू चित्र बघून घेतलीस? चित्रातल्या वांग्याचं भरीत खाल्लंस का कधी?"

शैला म्हणाली, "आबा, खाल्लं असतं त्यांनी. पाच तारे पण दिले असते."

त्या दिवसापासून आबा आमच्या घरचे झाले. म्हणजे शैलाचे झाले. मी त्यांच्या रागाचं गिऱ्हाईक झालो.

आबांचा राग हा तब्येतीचा भाग नव्हता, ते त्यांचं काम होतं. सकाळची वंदना आटोपून ते चहाला येत आणि कशावर तरी चिडलेले असत. 'साधारण' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागे. शैलानं एकदा विचारलं, पारोळा साधारण किती लांब आहे, तर म्हणाले, "साधारण कशाला, रस्ता आहे ना, मैलाचे दगड आहेत ना?" त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, साखळी ताणल्याशिवाय आकडा सांगू नको. साखळी म्हणजे जमीन मोजायची. ते हे वाक्य मुलांच्या टक्क्यांना लावत, पावसाच्या अंदाजाला लावत, माझ्या रक्तदाबालाही लावत.

तसं लावायचा त्यांना हक्क होता. निवृत्तीनंतर त्यांनी घराला कंपाऊंड घातलं. गवंड्याने बांधलं, रंग झाला, दारावर नाव लागलं. मग एका दुपारी आबांनी सवयीने टेप धरला आणि भिंत शेजाऱ्याच्या जागेत नऊ इंच गेलेली निघाली. शेजारी पुण्याला. त्याला त्याचा प्लॉट कुठल्या दिशेला आहे हेही आठवत नसेल. आबांनी गवंड्याला बोलावून झाडलं, मग स्वतःला झाडलं, आणि ती नवी भिंत पाडून नऊ इंच आत बांधली. कॉलनीतले लोक हसले. एक जण तोंडावर म्हणाला, "आबा, कुणाला कळलं असतं?" त्यावर आबा जे बोलले ते अहिराणीत होतं आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर असा माणूस तीन वर्षं दुर्बीण शोधत होता. आणि त्याला ती मिळत नव्हती.

कारण सांगतो. मोजणीच्या नोकरीत असताना आबा शिरपूरच्या वर, सातपुड्यात, जंगलाच्या हद्दी मोजायला गेले होते. तिपाईवर थिओडोलाईट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण. त्या काळच्या यंत्रात सगळं उलटं दिसे. पलीकडच्या टेकडीवर झेंडी धरून उभा असलेला माणूस डोक्यावर उभा दिसायचा. एका दुपारी झेंडीच्या जवळ, सागाच्या उघड्या फांदीवर त्यांना एक छोटं घुबड दिसलं. अर्थात उलटं. भरदिवसा, बिनधास्त बसलेलं. डोकं कोरं.

साधा पिंगळा आपल्याकडे गावोगाव असतो. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. त्याच्यासारखाच दिसणारा पण कोऱ्या डोक्याचा, दिवसा हिंडणारा, तो रानपिंगळा. तो सबंध जगात फार थोडा उरलाय, आणि आपल्या सातपुड्यात आहे. हे आबांना पुढे कितीतरी वर्षांनी एका पक्ष्यांच्या पुस्तकात कळलं. त्यांनी धावत जाऊन आपली जुनी वही काढली. खाकी कापडाच्या पुठ्ठ्याची, हद्दीच्या खुणांची. समासात त्यांच्याच अक्षरात होतं, 'पिंगळा. डोकं कोरं.' पुढे त्यांनी नव्या शाईने लिहिलं, 'रानपिंगळा', आणि सही केली.

त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. मेहरूणच्या काठावर रविवारी जमणाऱ्या मंडळींमध्ये एक तरुण होता. त्याच्या कॅमेऱ्याची नळी त्याच्या हाताएवढी. त्यानं आबांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोटो आहे का आबा?"

"थिओडोलाईटला कॅमेरा नसतो."

"मग साधाच असणार. उलटा दिसला म्हणताय, त्यात डोकं कुठलं अन् पाय कुठले." सगळे हसले.

"मी दखेल शे!" आबा ओरडले. मी पाहिलाय! तलावावरचे खरेखुरे बगळे उडाले. मला त्या पोराचा संताप आला, अजून येतो. ज्या माणसानं नऊ इंचांसाठी भिंत पाडली, त्याला हा फोटो विचारतो! आबांना आता एकच गोष्ट हवी होती. त्याच टेकडीवर परत जायचं, पिंगळा गाठायचा, आणि त्याचं डोकं नीट, सरळ, स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. त्यासाठी दुर्बीण हवी. आणि दुर्बिणीचा सगळा बाजार त्यांच्या चष्म्यावर येऊन अडत होता.

चष्म्याचा माणूस दुर्बिणीपासून जरा लांब राहतो, मध्ये काच येते ना. ज्या दुर्बिणीची मागची काच डोळा अगदी जवळ मागते, तिच्यातून चष्मेवाल्याला मधला रुपयाएवढा गोल दिसतो, भोवती काळोख. चष्मा काढावा तर काहीच दिसत नाही. हे डब्यावर कुठेच ठळक लिहिलेलं नसतं. ते डोळ्याला लावूनच बघावं लागतं. आणि लावू कुणी देत नव्हतं.

जळगावातल्या एका दुकानात मी बरोबर होतो. काउंटरवरच्या माणसानं डबा पुढे सरकवला आणि वर हात ठेवला. "सील तोडलं की घ्यावी लागेल काका."

"आधी बघू तर दे."

"चित्र आहे ना वर."

मी डोळे मिटून घेतले. पुढची दहा मिनिटं दुकानात वांगी, बिया, देठ, पंचनामा असं सगळं झालं. शेवटी तो माणूस, तोही बिचारा पगारीच, म्हणाला, "काका, तुम्ही नवीनच सुरू करताय ना? नवशिक्याला ही स्वस्तातली चालते. नाहीतर मग ती परदेशी घ्या, डॉक्टर लोक नेतात."

हे वाक्य आबांना सगळ्यात लागलं. घरी येईपर्यंत ते तेच बोलत होते. "नवशिक्याला चालते! नवशिक्यालाच तर चांगली काच पाहिजे. जाणत्याला धुरकट दिसलं तरी तो चालीवरून पक्षी ओळखतो. नवशिक्याला वाटतं, आपलेच डोळे वाईट. तो घरी जाऊन दुर्बीण माळ्यावर टाकतो. किती माणसं अशी माळ्यावर गेली असतील! आणि वरची डॉक्टरची. मध्ये कुणी नाही का रे या देशात? मधल्या माणसाला बघायचं नसतं का?"

मधल्या माणसानं, म्हणजे मी, वाटेतल्या टपरीवर दुसरा चहा मागवला.

दुर्बीण अखेर धुळ्यात मिळाली. आबांची मुलगी तिथे असते, शिक्षिका आहे. तिच्याकडे ते गेले असताना बाजारात चष्म्याचं एक दुकान दिसलं, आणि काचेच्या कपाटात चार दुर्बिणी. त्यांनी मला फोन करून बोलावलं. जळगावहून धुळ्याला, दुर्बीण बघायला! मी गेलो. शैलाही आली, तिला मजा बघायची होती.

दुकान एक बाई चालवत होत्या. आबांनी नेहमीचं भाषण सुरू करायच्या आत त्यांनी चारही दुर्बिणी काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाल्या, "दारात उभे राहून बघा आबा. आतमध्ये काय दिसणार?"

आबा गडबडले. भांडायच्या तयारीनं आलेल्या माणसाची फार पंचाईत होते.

दीड तास ते दारात उभे होते. आधी प्रत्येक दुर्बीण हात लांब करून धरायची आणि मागच्या काचेतला उजेडाचा ठिपका बघायचा, तो वाटोळा हवा, कापलेला नको. मग समोरच्या मिठाईच्या दुकानाची पाटी. मग विजेची तार, तिच्या कडेला जांभळी झालर दिसते का. मग तारेवरचा होला, कबुतरासारखा तो पक्षी. एक डोळा मिटून, मग दुसरा, मग दोन्ही उघडे ठेवून, चित्र एकाचं एकच राहतं की दोन होतात. पहिली स्वस्त दुर्बीण होल्यापर्यंत टिकली नाही. दुसरीत चष्म्यामुळे तो रुपयाएवढा गोल.

सगळ्यात महाग होती ती मी पुढे केली. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "चांगली शे. खोटं कशाला बोलू? कडेपर्यंत स्वच्छ दिसतं." मग ती परत ठेवली. "पण पक्षी मधोमध धरायचा असतो. कडेच्या स्वच्छपणाला एवढे पैसे मी कशाला देऊ?"

राहिली चौथी. आठ बाय बेचाळीस, काळी, रबरी, कुठेही सोनेरी अक्षर नाही. त्यांनी पट्टी लावून बेचाळीस मोजले. बेचाळीस भरले. डोळ्यांजवळच्या कडा खाली फिरवून त्यांनी चष्म्यासकट ती लावली, मधलं चाक अगदी थोडं फिरवलं, आणि बोलायचे थांबले.

"आबा?" शैलानं विचारलं. "काय झालं?"

"पूर्ण गोल दिसतोय," ते म्हणाले. "हिच्यातही." मग जरा वेळानं, "त्या होल्याच्या मानेवर बुद्धिबळाचा पट आहे. मला वाटायचं, नुसती सावली असते."

ते तो पट बघत इतका वेळ उभे राहिले की बाईंनी शैलासाठी खुर्ची दिली.

सागाची पानं गळाल्यावर, फांद्या उघड्या पडल्यावर, आम्ही तिघं शिरपूरच्या वर गेलो. टेकडी आबांनी वहीवरून शोधली. हद्दीच्या दगडापासून इतकी पावलं, नाल्यापासून इतकी. मी धापा टाकत होतो, पंचाहत्तरीचा माणूस पुढे पावलं मोजत होता. ऊन चांगलं वर आलं होतं. पलीकडच्या उतारावर झाडं तुरळक होती. पहिल्या दोन तासांत आम्हाला पोपट आणि एक शेळ्यांचा कळप दिसला.

मग शैला हळूच म्हणाली, "तिथे. वाळक्या फांदीला गाठ आहे ना, ती गाठ नाही."

आबांनी दुर्बीण लावली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ओठ हलत होते.

"कोरं शे," ते पुटपुटले. "डोकं... कोरं शे."

मी उडीच मारली. "जमलं आबा! त्या कॅमेरावाल्याला आता..."

"गप."

त्यांनी दुर्बीण खाली घेतली. वर आकाशाकडे पाहिलं, मग फांदीकडे. मग परत आकाशाकडे.

"ऊन समोर शे," ते म्हणाले.

"असू द्या ना! दिसलं ना कोरं?"

"उन्हासमोर सगळंच कोरं दिसतं, प्रमोद. पाठीशी घेऊन बघायला पाहिजे."

मी त्यांचा हात धरला. खरंच धरला. म्हटलं, "आबा, बस झालं. तीन वर्षं तुम्ही यासाठी घालवलीत. तुम्ही पाहिलं, आम्ही साक्षीदार आहोत. चला खाली."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हात सोडला. मग वाकून, एकेक पाऊल टाकत ते नाल्यातून पलीकडे गेले, आणि अर्धा तास लावून त्या झाडाच्या दुसऱ्या बाजूला पोचले. पिंगळा जागचा हलला नाही. उडून गेला असता तर काय बिघडलं असतं त्याचं? मी मनातल्या मनात त्याला उडवत होतो. आता ऊन आबांच्या पाठीशी होतं. ते खूप वेळ बघत राहिले. नंतर त्यांनी मला बोलावलं आणि दुर्बीण माझ्या हातात दिली.

चांगल्या काचेतून मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. पिंगळ्याचे पिवळे डोळे थेट माझ्यावर रोखलेले. आणि डोक्यावर, राजगिरा सांडावा तसे, पांढरे ठिपके. मोजता आले असते.

"साधा," आबा म्हणाले.

"हा साधा असेल," मी म्हटलं. "तेव्हाचा वेगळा असेल. चाळीस वर्षांपूर्वीचा पिंगळा आहे का हा?"

"तेव्हाचा कोण होता ते मला माहीत नाही. तेवढंच खरं." त्यांनी वही काढली. "झेंडी या बाजूला होती, यंत्र त्या बाजूला. वेळ हीच, भर दुपारची, लिहिलेली आहे. म्हणजे तेव्हाही ऊन समोरच होतं. हे मी कधी लिहिलंच नव्हतं."

मोजणीच्या वहीत खोडायचं नसतं, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. आबांनी खिशातली पट्टी धरून 'रानपिंगळा' या शब्दावर एक सरळ रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'ऊन समोर. सांगता येत नाही.' सही केली. मग ते दगडावर बसले आणि चिडले. स्वतःवर, धुळकट यंत्रावर, उन्हावर, आणि कॅमेऱ्याच्या त्या पोरावरही. कारण त्यानं फोटो विचारला, पण ऊन कुठे होतं हे विचारलं नाही. "त्यानं विचारलं असतं तर मी तेव्हाच रेघ मारली असती!" त्यांच्या आवाजानं पिंगळा शेवटी उडाला.

धुळ्यात मुलीच्या घराच्या फाटकाशी आम्ही त्यांना सोडलं. मी गाडी वळवली. आरशात पाहिलं तर आबा फाटकात उभे होते, चष्म्यासकट दुर्बीण लावून, आमच्याकडे बघत. ऊन त्यांच्या पाठीशी होतं. कोपऱ्यावर पोचतो तोच फोन वाजला. "तुझ्या नंबरप्लेटचा डावा स्क्रू पडलाय. बसवून घे." मी उतरून पाहिलं. पडला होता. मागे वळून हात केला, त्यांनी दुर्बीण न काढताच हात केला. मी आबांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं. ते मुलीकडेच राहिले आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच गेले.

पण त्या संध्याकाळी हे काही माहीत नव्हतं आणि मी पारोळ्यापर्यंत संतापून बोलत होतो. काय गरज होती, म्हटलं. कुणी बघायला येणार होतं का? सगळं जग खोटे आकडे सोनेरी अक्षरांत छापतं, आणि या माणसानं आपलं एकुलतं एक खरं वाटणारं वाक्य स्वतःच्या हातानं खोडलं!

"खोडलं नाही. रेघ मारली," शैला म्हणाली. ती माझा मोबाईल हातात घेऊन काहीतरी शोधत होती. एरंडोल आलं. मग तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला.

"तुमचे पाच तारे अजून इथेच आहेत. खाली लिहिलंय, अकरा लोकांना हे उपयोगी वाटलं. गाडी बाजूला घ्या आधी."